किसनचा कोरडा टी-शर्ट

पोस्टवर परतायच्या आदल्या संध्याकाळी किसन आमच्या घरी आळ्याला मुक्कामाला आला. दोघांची सुट्टी एकदमच संपत होती. सकाळी आळेफाट्यावरून कल्याणची एसटी धरायची आणि कल्याणहून रेल्वेनं वर जायचं, असं ठरलं होतं. किसनचं गाव डिंभ्याच्या पलीकडं, डोंगरात. तिकडं एसटी आली तर येते, नाही तर नाही. म्हणून तो एक दिवस आधीच निघाला होता.

मी तेव्हा सैन्यात हवालदार होतो, किसन लान्स नायक. एकाच सेक्शनमध्ये. वयानं तो माझ्यापेक्षा बराच लहान. घरी आई-वडील, थोडी भातखाचरं, वरकस जमिनीत नाचणी. लग्न व्हायचं होतं, मुली बघणं चालू होतं. अंगानं इतका हलका, की भरतीच्या वेळी वजनात बसायला त्यानं केळी खाल्ली होती, असं तो स्वतःच सांगायचा.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, माझे पलटणीचे टी-शर्ट धुऊन मळ्याच्या तारेवर वाळत घातले होते. धोपाटण्यानं बडवून, दोन्ही हातांनी पीळ देऊन, भर उन्हात. त्यातला एक घरात आणलेला होता. किसननं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. गळा लोंबत होता. छातीवरच्या पलटणीच्या नावाला भेगा पडल्या होत्या. काखेत तारेच्या गंजाचा डाग.

"वहिनी, ह्यो पिळला व्हय?"

"मंग? न पिळता पाणी कसं निघायचं, भाऊ?"

"टावेलात गुंडाळायचा आन् दाबायचा. पिळला की गळा जातो त्याचा. आन् उलटा करून धुवायचा, म्हंजी वरचं नाव ऱ्हातं."

सुनंदा हसली. "तुमच्यात पुरुष धुणं धुत्यात का काय?"

"आमच्यात चार म्हैने ऊन न्हाई वहिनी. आमची आई एक कापड वाळवायला चार दिस राखण करती. तिच्यापशी शिकलो."

बाकीचे कपडे अजून तारेवर होते आणि दिवस मावळत आला होता. आमच्याकडं तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेला कुणी जात नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातून बिबट्यानं शेळी नेली होती. सुनंदा म्हणाली, राहू द्या, सकाळी काढू. पण सकाळी आम्हाला निघायचं होतं. मी बॅटरी घेतली, किसननं काठी घेतली आणि आम्ही गेलो.

कपडे काढता काढता ऊस हलला. वारा नव्हता. आमच्यामागून आलेलं कुत्रं न भुंकता घराकडं पळालं. मी बॅटरी मारली तेव्हा बांधावर पाठ दिसली, ठिपक्यांची. ती हलत नव्हती.

"पळू नका," किसन हळूच म्हणाला. "पाठ दावू नका."

आम्ही तोंड उसाकडं ठेवून एकेक पाऊल मागं सरकलो. कपडे माझ्या छातीशी धरलेले. किसननं मागून माझा सदरा मुठीत आवळून धरला होता. जनावर आमच्याकडं बघत राहिलं आणि मग उसात शिरलं. घरात येऊन आम्ही कडी लावली. सुनंदानं विचारलं, काय झालं. किसन खाली बसला आणि ते टी-शर्ट घड्या घालायला लागला. एकाची घडी त्यानं तीनदा मोडली.

पोस्टचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. उंच होती, आणि वर्षातला बराच काळ बर्फात. पाणी म्हणजे बर्फ वितळवून जेरिकॅनमध्ये भरलेलं. त्यातलं पिण्याला, स्वयंपाकाला आणि उरलं तर धुण्याला.

लोकांना वाटतं, तिथं थंडी मारते. थंडी मारतेच, पण आधी घाम मारतो. बर्फ उपसताना, ओझं घेऊन चढताना आतला टी-शर्ट भिजतो. काम थांबलं की तो अंगावर गार पडतो. मग जवान गप्प होतो, हातातली वस्तू पडते, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर येतं. मी एकाला असं होताना पाहिलं होतं. तो वाचला. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या पाठीवर आतून हात फिरवून बघायचो. पोरं हसायची. मला हसू येत नसे.

टी-शर्ट धुणं, वाळवणं हे म्हणून तिथं साधं काम नव्हतं. ते काम किसननं आपणहून अंगावर घेतलं. घामाचा टी-शर्ट तो तसाच कधी ठेवू द्यायचा नाही. उलटा करून, कोमट पाण्यात थोडासा साबण. जास्त साबण घातला तर तो निघायला पाणी कुठून आणायचं? आणि साबण कापडात राहिला की कापड कडक होतं, घाम टिपत नाही. ब्रश लावायचा नाही. हातानंच काखा आणि गळा चोळायचा, मग टॉवेलात दाबायचा.

बाहेर वाळत घालायची सोय नव्हती. समोरच्या कड्यावरून शत्रूला दिसतं, म्हणून बाहेर कापड टांगायला मनाई होती. बंकरमध्ये बुखारी होती, म्हणजे रॉकेलची शेगडी. नवीन आलेल्या एका जवानानं घाईनं टी-शर्ट तिच्यावरच टाकला. कापड वितळून पत्र्याला चिकटलं आणि बंकर धुरानं भरला. आम्ही आंधळ्यासारखे दार शोधत होतो. त्यानंतर किसननं छताला, बुखारीपासून लांब, दोरी बांधली. टी-शर्ट खांद्यावर टांगायचा नाही, ओल्या वजनानं तो लांबतो. कमरेतून दोरीवर दुमडून टाकायचा आणि अधूनमधून फिरवायचा. शिवणीत बोट घालून बघायचं. शिवण कोरडी असेल तरच वाळला म्हणायचं.

वाळलेल्यांपैकी एक टी-शर्ट घट्ट गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तो आपल्या पाठीवरच्या पिशवीच्या, पिठ्ठूच्या, तळाशी ठेवायचा. प्रत्येकाला तसं करायला सांगायचा. आम्ही करायचो, पण कधी कधी गरज पडली की तोच काढून घालायचो आणि परत ठेवायला विसरायचो. किसनची पिशवी मी कधी रिकामी पाहिली नाही.

बर्फ सुटायच्या दिवसांत आमची एक पेट्रोल, म्हणजे गस्त, निघाली. शेजारच्या पोस्टपर्यंतची वाट बघून यायचं, एवढंच काम. नायब सुभेदार साहेब पुढं, मी मागं, मध्ये बाकीचे. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. परतताना ऊन तापलं आणि पायाखालचा बर्फ मऊ झाला. मला ते आवडत नव्हतं. साहेबांनाही नव्हतं.

नाला ओलांडताना सगळे पार झाले. मी शेवटचा. पायाखाली कड असा आवाज आला आणि मी छातीपर्यंत पाण्यात गेलो.

बर्फाखाली पाणी वाहत होतं. ते मला आत ओढत होतं. कडेचा बर्फ धरला की तुटून हातात यायचा. छातीवर कुणी बसलं असावं तसा श्वास अडकला होता. मला ओरडायचं होतं, आवाज निघत नव्हता. इतकं मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. त्या वेळी मला घर आठवलं नाही, देव आठवला नाही. पाण्यात पाय टेकत नाहीत एवढंच कळत होतं.

दोर पडला. टाकणारा किसन होता. तो पालथा पडून बर्फावर पसरला होता आणि बाकीच्यांनी त्याचे पाय धरले होते. त्यांनी मला ओढून काढलं.

तोवर वारा सुटला. ढग खाली आला. भरदुपारी दहा पावलांवरचा माणूस दिसेना. एका खडकाच्या आडोशाला नेऊन त्यांनी माझे कपडे उतरवले. बटणं निघत नव्हती, कपडा अंगावरच कडक होत होता. किसननं आपल्या पिठ्ठूतून पिशवी काढली. गाठ दातांनी सोडली. त्यातला कोरडा टी-शर्ट त्यानं माझ्या डोक्यातून घातला, माझे हात बाह्यांत घातले, मी लहान मूल असावं तसे. वरून कुणी जर्सी दिली, साहेबांनी स्वतःचा जाड कोट, पार्का, दिला. माझे मोजे ओले, हातमोजे नाल्यात गेलेले. बोटं पांढरी पडली होती आणि दुखत नव्हती. दुखत नाहीत याचीच भीती वाटत होती.

साहेब वायरलेस सेटवर बोलत होते. सेटवर सगळं हिंदीतच.

"एक जवान पानी में गिरा था. निकाल लिया. हालत खराब. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"पार्टी निकल गई है. आप दिखाई नहीं दे रहे. रिज पर आदमी भेजो, सीटी बजाए. ओव्हर."

म्हणजे कुणीतरी समोरचा उतार आडवा ओलांडून डोंगराच्या धारेवर जायला हवं होतं. तिथून शिट्टी वाजवली तरच खालून येणाऱ्यांना दिशा कळणार. उतारावर ताजा बर्फ साचलेला होता. एकच दोर होता, तो ओला होऊन काठीसारखा गोठला होता.

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. किसन सगळ्यात हलका होता, आणि बर्फात वाट कळावी म्हणून खुणेचे बांबू त्यानंच रोवले होते.

"किसन."

"जी साब."

तो माझ्याजवळ बुटाची नाडी आवळायला खाली वाकला. कानाशी तोंड आणून म्हणाला, "भाऊ, लई भ्या वाटतंय."

मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. माझे दात वाजत होते, शब्द झाले नाहीत. मी त्याची बाही धरली. त्यानं माझा हात सोडवून पार्क्याच्या आत घातला, झिप गळ्यापर्यंत लावली आणि गेला.

थोड्या वेळानं शिट्टी ऐकू आली. मग परत एकदा, जरा लांबून. खालून उत्तर आलं. साहेब म्हणाले, "मिल गए." त्यानंतर जमिनीच्या आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. मोठा नव्हता. मग वाऱ्याशिवाय काही नाही.

साहेबांनी सेटमध्ये त्याचं नाव घेतलं. त्याच्याजवळ सेट नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तरी ते नाव घेत राहिले.

स्ट्रेचर पार्टी पोहोचली. मला खाली नेलं. बाकीचे घसरून आलेल्या बर्फात सळया टोचत उतारावर शोधत राहिले. किसन सापडला तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होतो.

तिथं नर्सिंग असिस्टंट कात्री घेऊन माझा टी-शर्ट कापायला आला. मी पट्टी बांधलेल्या हातानं त्याचा हात धरला. त्याला वाटलं मला भ्रम झालाय. मग त्यानं तो न कापता काढला.

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. किसनला गावी नेलं तेव्हा मी बरोबर जाऊ शकलो नाही. त्याची ट्रंक राहिली होती. पुढं मला सिक लीव्ह मिळाली तेव्हा मी ती मागून घेतली आणि पावसाळ्यात डिंभ्याला निघालो.

मंचरहून घोडेगाव, तिथून पुढं दुसरी गाडी. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायला लागलं तसं मी तोंड आत फिरवलं. त्या एसटीत मला वाटत होतं, गाडी बंद पडावी. दरड कोसळून रस्ता बंद असावा. किसनच्या आईला काय सांगायचं ते मी आळ्यापासून मनात घोळवत होतो आणि प्रत्येक वळणावर ते विसरत होतो. किसनचा टी-शर्ट माझ्या पिशवीत होता. डावा हात बरा झाल्यावर मी तो धुतला होता, त्यानं शिकवलेल्या रीतीनं, त्या एका हातानं.

डिंभ्यापासून त्याच्या गावापर्यंत ट्रंक जीपवर टाकली. पाऊस थांबत नव्हता. घरात चूल पेटलेली, तिच्यावर बऱ्याच उंचीवर आडवा बांबू टांगलेला आणि बांबूवर कपडे. किसनच्या कपड्यांना सुट्टीहून आल्यावर धुराचा वास का यायचा, ते मला तिथं कळलं.

आई बारीक, किसनसारखीच. वडील भिंतीला टेकून बसलेले. मी ट्रंक उघडली. वर गणवेश, खाली घडीचे टी-शर्ट, आणि एका पिशवीत एक न धुतलेला. पेट्रोलला निघायच्या सकाळी त्यानं बंकरमध्ये काढून ठेवलेला, पोरांनी तसाच भरलेला. आईनं तो बाहेर काढला आणि तोंडाला लावला. मला तिकडं बघवेना.

मग तिनं तो उजेडात धरला. काखेत, गळ्याशी बुरशीचे बारीक काळे ठिपके पडले होते.

"धुतला की त्याचा वास जायचा," ती म्हणाली. "आन् असाच ठिवला तर पावसाळ्यातून निघायचा न्हाई. मला का कळत न्हाई व्हय. माज्यानं धुववंना, बाबा."

तेव्हा मी पिशवीतला टी-शर्ट काढला.

"मावशी, ह्यो पण त्याचाच हाय. त्या दिशी माझ्या अंगावर व्हता."

तिला साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, की किसन बर्फाखाली गेला. मी सगळं सांगितलं. नाला, दोर, पिशवीची गाठ, शिट्टी. ती उठून जाईल, मला घराबाहेर काढेल, किंवा काहीच न बोलता बघत राहील, यातलं कशाचं जास्त भय वाटत होतं ते सांगता येत नाही.

माझं सांगून झालं. ती म्हणाली, "हात दाव."

मी हात पुढं केला. तिनं दोन्ही बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"दुखत्यात का अजून?"

"थंडीत दुखत्यात."

तिनं चुलीवर पाणी ठेवलं. कोमट झालं तसं बादलीत ओतलं, बोटानं बघितलं. मला म्हणाली, "तू धू. मी हितंच बसते." टी-शर्ट देण्याआधी तिनं तो परत एकदा तोंडाला लावला. मी तो उलटा केला, साबण थोडाच लावला. काळे ठिपके पूर्ण गेले नाहीत, फिके झाले. ती मध्येच म्हणाली, "गळा वडू नको." एवढंच.

धुऊन झाल्यावर बादलीत पाणी उरलं. राखाडी. आईनं बादलीच्या कडीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. ते कुठं टाकायचं, तिला कळेना. वडील उठले. त्यांनी बादली तिच्या हातातून घेतली, पावसात बाहेर गेले आणि भाताच्या खाचरात ओतून आले. आल्यावर भिंतीला टेकून परत बसले.

त्या दिवशी परतीची गाडी नव्हती. मी तिथंच राहिलो. आईनं टी-शर्ट बांबूवर टाकला आणि फिरवत राहिली.

आता मी रिटायर आहे. आळ्यात कांदा करतो. सुनंदा टी-शर्ट पिळत नाही. दरवर्षी पाऊस पुरता सरला की मी डिंभ्याला जातो. आई ट्रंक उघडते. टी-शर्ट सावलीत, वाऱ्यावर घालते. कडक ऊन लागू देत नाही. दिवसभर हवा लागली की घडी पहिल्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी मोडते, म्हणजे एकाच रेघेवर कापड विरत नाही. खाली कडुलिंबाचा वाळका पाला बदलते. खिळ्याला किंवा हँगरला एकही लावलेला नाही. छातीवरचं नाव अजून वाचता येतं.

गेल्या खेपेला गावच्या शाळेत किसनच्या नावाचा कार्यक्रम होता. भाषणं झाली. प्रत्येकानं सांगितलं, की किसनला भीती कशी ती माहीत नव्हती. आई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. घरी आल्यावर तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"समदी म्हनत्यात तो भीत नव्हता. तू व्हतास. खरं सांग."

मी म्हणालो, "भीत व्हता, मावशी. जाताना मला म्हनला तसं. आन् मंग गेला."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "भ्याला आसंल तर मला हाक मारली आसंल त्यानं. ल्हान व्हता तवा मारायचा. तुला आली का रं ऐकू?"

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "न्हाई आली."

"वारं व्हतं न्हवं," ती म्हणाली. "मंग कशी यील."